डोंगरात लांब पळायचंय? आधी उतरायला शिका

रस्त्यावरची हाफ मॅरेथॉन झाली, फुल झाली, की पुढचा किडा डोंगराचा असतो. कुणीतरी कात्रज ते सिंहगडचे फोटो टाकतं, कुणाच्या गळ्यात एसआरटीच्या, म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा शर्यतीच्या, ५३ किलोमीटरचं मेडल दिसतं, आणि मग ग्रुपवर पहिला प्रश्न हमखास येतो की ट्रेलसाठी, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर पळायला, शूज कुठले घेऊ. शूजचं बोलूच, पण बरंच नंतर. कारण सह्याद्रीत शूजमुळे अडकलेला माणूस क्वचित दिसतो, मांड्या गेल्या म्हणून कडेला बसलेले मात्र ढीगभर दिसतात, आणि त्या मांड्या चढताना गेलेल्या नसतात, उतरताना गेलेल्या असतात.

चढ दम काढतो, पण दम पाच मिनिटं थांबलात की परत येतो. उताराचं तसं नाही. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, म्हणजे लांब होता होता ताकद लावतो, आणि स्नायूच्या धाग्यांना सगळ्यात जास्त मार याच प्रकारात बसतो. म्हणून सिंहगड धापा टाकत चढलेला माणूस वर मस्त कांदाभजी खातो, उतरतोही हसत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना कठडा धरून आडवा आडवा उतरतो. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत टोकाला जातं आणि आपोआप कमी होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हेच ५३ किलोमीटरच्या शर्यतीत अर्ध्यात सुरू झालं तर उरलेलं अंतर काठी टेकत चालायचं.

आता चांगली बातमी. हा मार स्नायू लक्षात ठेवतो. एकदा बऱ्यापैकी उतार पळून मांड्या दुखल्या, की तोच उतार पुढचे काही आठवडे खूप कमी दुखवतो, अगदी एका सेशनचासुद्धा फरक पडतो. म्हणजे उताराची लस टोचून घेता येते, फक्त ती वेळेवर टोचायची. शर्यतीच्या आधी दोनेक महिन्यांपासून दर आठवड्याला थोडा थोडा उतार वाढवत न्यायचा, आणि शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी. आदल्या रविवारी "एकदा रूट बघून येऊ" म्हणून तोरणा मारून येणारे उत्साही लोक असतात, त्यांनी फोटो बघावेत आणि घरी बसावं.

आठवडा कसा लावायचा

आधी एक सवय मोडा, किलोमीटर मोजायची. डोंगरात किलोमीटरला काही अर्थ नाही. आतकरवाडीतून सिंहगडची पायवाट जेमतेम पावणेतीन किलोमीटर भरते पण चढाई सहाशे मीटरच्या आसपास. ट्रेलवाल्यांचा एक ढोबळ हिशोब आहे, दर शंभर मीटर चढाईला एक सपाट किलोमीटर वाढवायचा, म्हणजे ही वाट मेहनतीच्या मापात जवळपास नऊ किलोमीटरची झाली. पुरता बरोबर नाही हा हिशोब, कारण उतार त्यात धरलेलाच नाही, पण रस्त्याच्या पेसचं, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागली त्याचं, भूत उतरवायला पुरेसा आहे. दोन गोष्टी लिहून ठेवायच्या, किती तास पायावर होतो आणि किती मीटर चढलो-उतरलो. घड्याळातली चढाई थोडी इकडंतिकडं दाखवते, दाट झाडीत आणि कड्याखाली तर फारच, तिच्यावरून भांडू नका.

पुण्यात राहत असाल तर नशीबवान आहात, वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण टेकडी, सगळं दाराशी. आठवड्यातला एक दिवस टेकडीच्या एकाच चढ-उतारावर पाच-सहा फेऱ्या मारायच्या, चढ जोरात चालत, उतार सैल पळत. एक-दोन दिवस सपाटीवर निवांत पळायचं, इतकं निवांत की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, एकेक शब्द सुटायला लागला तर तुम्ही निवांत पळत नाही आहात, मग स्ट्राव्हा ॲपवर "इझी रन" असं कितीही लिहा. शनिवारी लांब, रविवारी दमलेल्या पायांनी त्याच्या निम्मं. दर शनिवारी-रविवारी असं करायची गरज नाही, महिन्यात दोनदा भरपूर झालं. आणि सोमवारी सुट्टी म्हणजे सुट्टी, जिममध्ये "हलका" लेग डे नाही.

मुंबईवाल्यांचं गाऱ्हाणं असतं की आम्हाला रोज डोंगर कुठून आणायचा, येऊर आणि नॅशनल पार्क रविवारीच जमतं. खरंय. पण बिल्डिंग आहे ना? एक मजला साधारण तीन मीटर, वीस मजले म्हणजे साठ मीटर, दहा फेऱ्या मारल्या की जिन्यातच सिंहगड झाला. फक्त बरेच लोक जिन्याने चढतात आणि लिफ्टने उतरतात, गुडघे वाचवायला म्हणे. अरे, उतरणं हाच तर मुद्दा आहे! पहिले काही आठवडे दोन-तीनच फेऱ्या उतरा, कठड्याला हात ठेवून, मग वाढवा. वॉचमन काका दोन दिवस विचारतील, तिसऱ्या दिवसापासून फेऱ्या तेच मोजतील.

जिथं जिनाही नाही, सगळा सपाट मुलूख, तिथं पायरीवरचे व्यायाम. एका पायावर पायरीच्या कडेला उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच सावकाश, तीन आकडे मोजत, खाली जमिनीला टेकवायची आणि परत वर. गुडघा आत पडू द्यायचा नाही, आरशासमोर केलं तर कळतं. याच्या जोडीला आपल्या जुन्या बैठका, पण आखाड्यातल्यासारख्या झपाझप नाही, खाली जाताना मुद्दाम हळू. आणि पोटऱ्या. पोटऱ्यांकडं कुणी बघत नाही. चवड्यांवर वर-खाली, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण दोन्हीत वेगळा स्नायू काम करतो. घोट्यासाठी दात घासताना एका पायावर उभं राहा, जमायला लागलं की डोळे मिटून. आठवड्यात दोनदा वीस-वीस मिनिटं एवढं केलंत तरी पुष्कळ, आणि हे सगळ्यात कंटाळवाणं असल्यामुळं हेच पहिलं सुटतं.

वाढवताना चढाई आणि अंतर दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका, एक स्थिर ठेवा. तीन आठवडे वाढवलं की चौथ्यात चांगलं तीसेक टक्के कमी करा.

चढ चालायचा, लाज वाटू द्यायची नाही

रस्त्यावरून आलेल्यांना चालणं म्हणजे हार वाटते. डोंगरात पहिले येणारेसुद्धा खडा चढ चालतात, कारण एका मर्यादेपुढं पळून वेग फारसा वाढत नाही, धाप मात्र दुप्पट लागते. पावलं छोटी, कंबरेतून थोडं पुढं वाकायचं, हात मांडीवर गुडघ्याच्या जरा वर दाबायचे, आणि नाकातोंडानं श्वास घेत एका लयीत जायचं. वर माचीवर पोचल्यावर हेडलाइटसमोरच्या सशासारखं उभं राहायचं नाही, लगेच हळूहळू पळायला लागायचं, हीच सवय शर्यतीत सगळ्यात जास्त मिनिटं वाचवते.

आता उतार

नजर पायाच्या अंगठ्यावर नाही, तीन-चार मीटर पुढं. पुढची दोन-तीन पावलं कुठं पडणार हे डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असलं पाहिजे. पावलं छोटी आणि भरभर. लांब ढांगा टाकल्या की टाच शरीराच्या पुढं पडते, गुडघा ताठ राहतो आणि सगळा दणका वाटीवर जातो. भीती वाटली की माणूस आपोआप मागं झुकतो आणि तिथंच घसरून बुडावर आपटतो, म्हणून किंचित पुढं, वजन पायांच्या वर. हात सैल, बाजूला पसरलेले, दिसायला येडपट दिसतं पण तोल त्यानंच राहतो. थकल्यावर मन भरकटतं आणि पडणं बहुतेक वेळा सोप्या जागी होतं, अवघड टप्पा संपून गाव दिसायला लागलं की तिथं.

बाकी सगळं जमिनीवर आहे. आपल्याकडं एकच उतार नाही. कात्रज-सिंहगडच्या टेकड्यांवर कोरड्या दिवसांत घसारा असतो, टणक मुरमावर सुटे खडे, तिथं ब्रेक लावला की पाय निसटलाच, त्यापेक्षा छोटी पावलं टाकत थोडं घसरू द्यायचं आणि वाटेच्या कडेला गवताचे बुडखे असतील त्यांच्यावर पाय ठेवायचा. काळा कातळ कोरडा असेल तर झकास पकड, ओला असेल तर सांभाळून, आणि शेवाळलेला असेल तर जगातला कुठलाच सोल धरत नाही, तिथं पळायचं नाही, बसून उतरलात तरी चालेल. गडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या उंच-सखल असतात, तिथं आडवं उतरायचं. कास किंवा आंबोलीकडच्या जांभ्याच्या सड्यावर पकड छान मिळते, पण पडलात तर गुडघा-तळहात किसून निघतात. आणि घाटवाटांच्या नाळेत, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत, सुटे धोंडे असतात तिथं, एकामागं एक सरळ रेषेत उतरायचं नाही, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात येतो.

दुखणी: कुठं दुखतंय ते आधी नीट सांगा

"गुडघा दुखतोय" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. दुखणं शून्य ते दहा असं मापायची सवय लावा. पळताना तीनपर्यंत, वाढत नाही आणि दुसऱ्या सकाळी पूर्वीइतकंच किंवा कमी, तर पळणं चालू ठेवायला हरकत नाही, उतार तेवढा कमी करा. पळता पळता वाढतंय, चाल बदलतेय, रात्री झोपमोड होतेय, तर थांबा.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतरानंतर, उतरताना सुरी खुपसल्यासारखं, आणि चढायला लागलं की गायब: हे बहुतेक आयटी बँडचं, म्हणजे मांडीच्या बाहेरून खुब्यापासून गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या पट्ट्याचं. डोंगरवाल्यांची फार लाडकी दुखापत. यात पूर्ण बेडरेस्टची गरज नसते, उतार बंद करायचा, चढ आणि सायकल चालू ठेवायची, आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू कमवायचे, कुशीवर पडून पाय वर उचलणं, रबर बँड लावून आडवं चालणं वगैरे. फोम रोलरनं (अंगाखाली फिरवायचा फोमचा लोळा) बरं वाटतं, वाटू दे, पण तो पट्टा इतका चिवट असतो की रोलरनं तो लांब होतोय असं समजू नका.

वाटीच्या आसपास किंवा मागं, पुढून दुखतंय, जिना उतरताना आणि बराच वेळ पाय दुमडून बसल्यावर जास्त, तर ते रनर्स नी. उताराचा डोस अचानक वाढवला की हेच होतं. पायरीवरचा व्यायाम, बैठका, दुखणार नाही इतक्याच खोलीपर्यंत, आणि उतरताना पावलं छोटी.

टाचेच्या वरची जाड नस, अकिलीस, सकाळी ताठ आणि चालल्यावर सैल होते. चढ आणि स्पीड दोन्ही एकदम वाढवलं की ही कुरकुरते. १९९८ मध्ये स्वीडनच्या हॉकन आल्फ्रेडसननी पायरीवर टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम मांडला, पंधराचे तीन सेट, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, आणि आजही फिजिओ त्याच धर्तीवर व्यायाम देतात. दुखणं नसेच्या मधल्या भागात असेल तर हे चालतं, अगदी टाचेच्या हाडाला चिकटते तिथं दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली जाऊ द्यायची नाही, सपाट जमिनीवरच करा. बारा आठवडे म्हणजे बारा आठवडे, दहा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडणारेच जास्त.

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिलं पाऊल टाचेखाली काट्यासारखं लागतं ते प्लांटर फॅशिआयटिस. पोटऱ्या ताणणं, तळपायाखाली बाटली फिरवणं, आणि घरात फरशीवर अनवाणी फिरणं काही दिवस बंद, मऊ स्लीपर घाला.

नडगी हा मात्र गंमतीचा विषय नाही. हाडाच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेली दुखण्याची पट्टी असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, भार कमी केला की बसतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल तर ते हाडाला बारीक चीर पडल्याचं लक्षण असू शकतं, पळणं तिथल्या तिथं बंद करून हाडाच्या डॉक्टरकडं जा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ही चीर बरेचदा दिसतच नाही, एमआरआय लागू शकतो, त्यामुळं "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून लगेच पळायला जाऊ नका. पुन्हा पुन्हा असं होणाऱ्यांनी व्हिटॅमिन डी तपासावं आणि आपण खातोय किती ते बघावं. बायकांमध्ये ट्रेनिंग वाढल्यावर पाळी लांबायला किंवा बंद व्हायला लागली तर ते "फिटनेस"चं लक्षण नाही, खाणं कमी पडतंय आणि हाडं त्याची किंमत देतायत असा त्याचा अर्थ असू शकतो, डॉक्टरांना सांगा.

घोटा मुरगळणं कधीतरी होणारच. मुरगळल्यावर दोन गोष्टी बघा: चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबल्यावर थेट हाड दुखतं का. चार पावलं टाकता येत नसतील किंवा हाड दुखत असेल तर एक्स-रे काढायचाच. नुसती सूज असेल तर क्रेप बँडेज, पाय वर, आणि सहन होईल तसं दोन-तीन दिवसांत हलवायला सुरुवात. खरी चूक पुढं होते, सूज गेली की लोक लगेच डोंगरात, आणि तोच घोटा परत मुरगळतो. एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम दुखऱ्या बाजूला रोज, महिना-दीड महिना.

काळी पडलेली नखं ही उताराचीच देणगी, पाय शूजमध्ये पुढं सरकतो आणि अंगठा आपटत राहतो. नखं दोन-तीन दिवस आधी कापा, आणि लेसचं सगळ्यात वरचं जादाचं भोक कशाला असतं असं वाटत असेल तर ते यासाठी असतं: त्यातून छोटी कडी करून लेस आडवी ओवली की टाच मागं घट्ट बसते. फोड येणार असेल तर आधी तिथं गरम वाटतं, त्याच क्षणी थांबून टेप लावा, "पुढच्या पॉइंटला बघू" म्हणालात की तोवर फोड आलेला असतो. जांघ, काख, ब्राच्या पट्ट्याखाली आधीच व्हॅसलिन. अंघोळ करताना किंचाळायचं नसेल तर.

गोळ्यांचं एक. लांब पळायच्या आधी किंवा पळताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेऊ नका. पाणी कमी झालेलं, स्नायू तुटून त्याचा कचरा किडनीकडं चाललेला, त्यात या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. केमिस्टकडं सहज मिळतात म्हणून निरुपद्रवी होत नाहीत. पळून झाल्यावर लघवी कोलासारखी गडद झाली, अंग प्रचंड दुखतंय आणि लघवी कमी होतेय, तर घरी पाणी पीत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

खाणं-पाणी

दोन तासांच्या वर जाणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब पोटात गेलं पाहिजे, अनुभवी लोक त्याहून जास्तही पचवतात पण पोटाला त्याची सवय लावावी लागते. एका एनर्जी जेलमध्ये, म्हणजे पळताना चोखायच्या गोड पाकाच्या पुडीत, साधारण २० ते २५ ग्रॅम असतं आणि एका मध्यम केळ्यातही तेवढंच, किमतीत फरक किती ते तुम्हीच बघा. जेल उतरताना घेता येतो, केळं पिशवीत लगदा होतं, एवढा जेलचा फायदा मान्य. खजूर, राजगिरा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गुळाची पोळी, सगळं चालतं. शेंगदाण्याची चिक्की चविष्ट पण शेंगदाण्यातल्या तेलामुळं सावकाश पचते, ती हळू चालायच्या टप्प्यात खा, चढाच्या आधी नको. भूक लागल्यावर खायचं नाही, घड्याळ लावून दर अर्ध्या तासाला दोन घास. आणि सिंहगडावर पिठलं-भाकरी, मटक्यातलं दही हे पळणं संपल्यावरच, उतरायचं बाकी असताना खाल्लंत तर पुढचं तुम्ही आणि तुमचं पोट बघून घ्या.

पाणी तहानेनं प्या. उन्हात तासाला अर्धा लिटर ते पाऊण लिटर बऱ्याच जणांना लागतं, पण नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, बोटं सुजतात, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोकांना वाटतं डिहायड्रेशन आहे म्हणून अजून पाणी पाजतात, तिथं जिवावर बेततं. ओआरएस घ्या, पण पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून, आणि २०.५ ग्रॅमची पुडी म्हणजे एक लिटर पाणी, अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ओतायची नाही. लिंबू, मीठ, साखर किंवा कोकम सरबत हेही उत्तम.

मार्च ते मे जमेल तितकं पहाटे, नऊच्या आत खाली. उन्हाची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत लागते. कुणी बडबडायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, अंग तापलं तर सावलीत नेऊन आधी गार करा, पाणी ओता, ओली फडकी, वारा, आणि त्याच वेळी ॲम्ब्युलन्सला फोन. गार करणं थांबवून गाडीची वाट बघायची नाही.

हां, आता शूज

संध्याकाळी घ्यायला जा, पाय तेव्हा फुगलेले असतात. ज्या मोज्यांत पळणार तेच मोजे घालून. सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, आणि दुकानात उतरता फळा असेल तर त्यावर उभं राहून बघा, बोटं पुढं आपटली तर तो नंबर तुमचा नाही. पावसाळ्यातल्या चिखलाला चार-पाच मिलिमीटर खोल नक्षी लागते, उन्हाळ्यातल्या टणक वाटेला तीनही बास. जाड गादीवाले शूज मांड्यांना आराम देतात पण उंचीमुळं घोटा मुरगळायची भीती थोडी वाढते, ज्याचा घोटा आधीच कच्चा त्यानं जमिनीलगतचा घ्यावा. वॉटरप्रूफ शूज आपल्या पावसात उलटे पडतात, वरून शिरलेलं पाणी बाहेर निघत नाही, त्यापेक्षा जाळीचे. ब्रँड कुठला तर पायाला बसेल तो. डेकॅथलॉनच्या ट्रेल शूजमध्ये अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब शर्यत) संपवणारे भरपूर आहेत, होका-सलोमन घालून पहिल्या चेकपॉइंटला बसणारेही आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात डोंगरावर गवत वाळलं की कुसळं. मोज्यात घुसली की टोचत राहतात आणि धुऊनही निघत नाहीत. गेटर, म्हणजे शूजचं तोंड झाकणारं कापडी आवरण, लावा, नाहीतर जुने मोजे घाला जे नंतर टाकून देता येतील. घाटात पावसाळ्यात जळवा, ओढून काढू नका, नखानं कडेनं सरकवा.

काठ्या लांब चढाला खरंच कामाच्या, उतारावरही गुडघ्यांवरचा भार थोडा हलका होतो, पण हातात घेऊन पळायचा सराव नसेल तर शर्यतीत पहिल्यांदा उघडू नका. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांचं व्हेस्ट, अंगाला चिकटून बसणारं. आत शिट्टी, क्रेप बँडेज, टेप, चार्ज केलेला मोबाइल, पातळ जॅकेट, चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट, आणि हेडटॉर्च, दिवसा जाणार असाल तरी. दोनशे-तीनशे लुमेनचा उजेड पुरतो.

वाट चुकणं हा अजून एक प्रकार. आपल्याकडं मुख्य पायवाटेला ढोरवाटा फुटतात आणि गुरांना गडावर जायचं नसतं. जीपीएक्स फाइल, म्हणजे वाटेचा नकाशावरचा माग, आधी मोबाइलमध्ये उतरवून घ्या, डोंगरात नेटवर्क नसतं. कुणी गुराखी मामा भेटले तर थांबून विचारा, वाट ते बिनचूक सांगतील, वेळ मात्र विचारू नका, "हे काय, इथंच, पाच मिन्टं" याचा अर्थ तासभर निघतो. मोठ्या कड्यांवर आग्यामोहोळ असतं, तिथं अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. दगडगोट्यांत फुरसं हा विषारी साप असतो, दगडामागं न बघता हात घालू नका. चावलंच तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं काही नाही, तो अवयव हलू न देता माणसाला उचलून प्रतिविष असलेल्या हॉस्पिटलात न्यायचं, १०८ किंवा ११२ ला फोन. घरी कुठल्या वाटेनं जातोय आणि किती वाजता परत येणार हे सांगून निघा, एकट्यानं तर नक्कीच.

परत आल्यावर

तासाभरात जेवा, वरण-भात, अंडी, दही, जे असेल ते. मांड्या दुखत असतील तर जोरात मसाज आणि ताणाताणी दोन दिवस नको, चाला, सायकल मारा, झोपा. मोठ्या शर्यतीनंतर पहिला आठवडा पळणं नाहीच, दुसऱ्यात सपाटीवर, उतार तिसऱ्या आठवड्यात. चिखलाचे शूज मशीनमध्ये टाकू नका, इनसोल काढून साध्या पाण्यानं ब्रशनं धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी ते बदला, आणि सावलीत वाळवा, कडक उन्हात ठेवले तर सोलचा गोंद लवकर सुटतो.